अनुदानासाठी आधार कुठे लिंक ठेवायचं, पीककर्जाच्या बँकेत की पोस्टात?

पीएम किसानचे २००० असोत, नमो शेतकरीचा हप्ता, अतिवृष्टीची मदत की सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरचं ठिबकचं अनुदान, आता बहुतेक सगळं आधारवरच येतं. अर्जाला पासबुक कोणतंही जोडा, ज्या बँकेत आधार सीडिंग (म्हणजे अनुदान घ्यायला खात्याला आधार जोडणं) सगळ्यात शेवटी झालं पैसा तिथेच पडतो, आणि सीडिंग एका वेळी एकाच बँकेला असतं. म्हणून ज्यांचं पीककर्जाचं खातं पण आहे आणि इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचं पण, त्यांना एक काहीतरी ठरवावंच लागतं. मी दोन्हीकडे घेऊन पाहिलंय.

कर्जाच्या बँकेचं चांगलं आधी सांगतो. माणसं ओळखीची असतात, मोठी रक्कम निवांत ठेवता येते. ठिबकला आधी डीलरला आपणच पूर्ण पैसे मोजतो आणि अनुदान मागून येतं, अल्पभूधारकाला ८० टक्के, बाकीच्यांना ७५, त्यामुळे केळीवाल्याची ती रक्कम चांगलीच मोठी होते. पोस्टाच्या पेमेंट्स बँकेच्या खात्यात रात्री २ लाखाच्या वर ठेवता येत नाही, वरचे पैसे जोडलेल्या पोस्टाच्या बचत खात्यात जातात, म्हणजे तेही काढून जोडून ठेवावं लागतं.

पण माझं मन फिरलं ते होल्डमुळे, म्हणजे खात्यात पैसे असून बँक काढू देत नाही ते. पावसाने कपाशीची बोंडं सडली, कर्ज थकलं, आणि दिवाळीच्या सुमारास मदत जमा झाल्याचा मेसेज आला. शाखेत गेलो तर खात्याला होल्ड. सरकार दर वेळी सांगतं की मदत कर्जात वळती करू नका, पण काउंटरवर उत्तर एकच, वरून पत्र नाही. अर्ज द्या, साहेब मीटिंगला गेलेत, सोमवारी या. तोवर हरभऱ्याची पेरणी कोणासाठी थांबते का भाऊ? बियाणं उधारीवर आणलं, आणि ज्या नुकसानीसाठी मदत आली तिच्याच वेळेला ती हातात नाही याचा खूप त्रास झाला.

पोस्टाच्या बँकेला कर्ज वाटायची परवानगीच नाही, मग कर्जासाठी होल्ड लावायचा प्रश्नच येत नाही. पोस्टमनदादा गावातच बोट लावून पैसे देतो, एका वेळी १०,००० पर्यंत. तसं तो दुसऱ्या बँकेच्या खात्यातलेही काढून देतो, पण तिथे होल्ड असला तर त्याच्याही हातात काही नसतं.

त्रास इकडेही आहे. केळीच्या चिकाने आणि कापूस वेचून बोटं इतकी घासतात की आमच्या मायचा अंगठा कित्येकदा लागतच नाही, आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांना रेंज नसली की मशीन नुसतं फिरत बसतं.

ज्याचं कर्ज दरवर्षी मार्चअखेर नील होतं त्याने कशाला बदलावं, त्याला बँकच सोयीची पडेल. पण जिरायती कपाशीवाला, कर्ज कधी थकेल याचा भरवसा नाही असा, त्याने मला वाटतं पोस्टातच ठेवावं. पोस्टात सीडिंगचा संमती फॉर्म भरा आणि मग आधारच्या साइटवर कोणती बँक दाखवतेय ते बघा, कारण केवायसीला आधार दिलं म्हणजे सीडिंग झालं असं होत नाही. आणि पीककर्जाचं नवं-जुनं (जुनं भरून लगेच नवं उचलणं) करताना कागदांच्या गठ्ठ्यात असाच संमती फॉर्म असू शकतो, त्यावर सही झाली की सीडिंग परत तिकडे आणि पुढचा हप्ताही तिकडेच, तेवढा कागद बघून बाजूला काढायला सांगा.