जुन्या फोटोंत रंग भरणारं ॲप: कापडावरची रेघच पुसली

मी शिवणकाम शिकवते. जुना फोटो पाहिला की चेहऱ्याआधी माझी नजर बाहीवर आणि घेरावर जाते. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय पोशाखांवर वर्ग घ्यायचा होता, म्हणून संग्रहालयांनी खुले केलेले १२ फोटो या ॲपमधून काढले. पाचपैकी दोन तारे देतेय.

एका फोटोत दोन मुली आहेत. धाकटीचा झगा पोटरीपर्यंत, थोरलीचा घोट्याच्या जरा वर. तेव्हा मुलगी वाढेल तसा झगा खाली यायचा. जमिनीला टेकणारा झगा आणि वर बांधलेले केस म्हणजे वय १७-१८, ती बायकांत जमा. थोरलीच्या झग्यावर खालच्या काठापासून चार बोटं वर एक आडवी रेघ आहे आणि तिला लागून गडद पट्टा. वाढत्या अंगासाठी शिवलेली दुमड उसवून उंची वाढवलेली! दुमडीतल्या कापडाला ऊन लागत नाही, म्हणून तेवढाच पट्टा गडद राहतो. या घरात कापड जपून वापरत होते, हे ती रेघ सांगते. ॲपने तिला फोटोवरचा ओरखडा समजून साफ पुसलं. झगा नवाकोरा झाला आणि त्या मुलीची परिस्थितीच बदलली.

दुसरी चूक याहून मोठी. १८६० च्या दशकातली एक बाई, डोक्यावर विधवेची पांढरी टोपी, अंगावर काळं क्रेप. खोल दुखवट्यात चकाकणारं कापड वर्ज्य असायचं, म्हणून क्रेप मुद्दाम निस्तेज. ॲपने तिला चमकदार निळं रेशीम नेसवलं. त्या काळी फोटो काढायला कलोडियन हे चिकट रसायन लावलेली काच वापरत; तिच्यावर निळा रंग जवळजवळ पांढरा उतरायचा, लाल-पिवळा मात्र काळपट. म्हणजे इतकं गडद आलेलं कापड असं निळं असणं कठीणच. मला फार वाईट वाटलं. तिचं दुःख तिच्या कापडात होतं.

चांगलंही सांगते. १८९५ च्या सुमाराच्या फुगीर बाह्यांच्या चुण्या सुरेख उठून आल्या. त्याच फोटोत मागे बसलेल्या आजींच्या बाह्या मात्र जुन्या वळणाच्या, अरुंद आहेत. वयस्कर बायका बऱ्याचदा तरुणपणीची फॅशन सोडत नसत, म्हणून फोटोचं साल ठरवताना तरुण बाईचा पोशाख बघावा. ॲपने फोटोचं साल दिलं ते आजींवरून, तीसेक वर्षं मागचं.

वापरायचंच असेल तर ‘डाग काढा’ आणि ‘रंग भरा’ दोन्ही बंद ठेवा, फक्त ‘स्पष्ट करा’ चालू ठेवा. त्यात काम नेटकं होतं. मुलींच्या फोटोची मी वर्गासाठी तशीच राखाडी प्रत छापून घेतली. त्यात ती रेघ भिंगाशिवाय दिसते.