पानाचा फोटो डॉक्टरांना कसा पाठवावा: साधा, एचडी, डॉक्युमेंट की लिंक?

द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी झाली की आमच्या निफाड तालुक्यात रोज सकाळी हे चित्र दिसतं. दव अजून वाळलेलं नसतं, कुणीतरी एका हातानं पान उलटं धरलेलं असतं आणि दुसऱ्या हातात मोबाइल. तो फोटो व्हॉट्सॲपवर नाशिकला द्राक्ष सल्लागाराकडे, म्हणजे आमच्या भाषेत 'डॉक्टरां'कडे, जातो आणि त्यावर दुपारची फवारणी ठरते. परवा शेजारच्या नानांनी विचारलं, "माझ्या मोबाइलवर फोटो झकास दिसतो, मग डॉक्टर म्हणतात नीट दिसत नाही, असं का?" त्यांना बांधावर उभ्या उभ्या जे सांगितलं, तेच इथं जरा सविस्तर लिहितो.

दोन वर्षांपूर्वी मी स्वतः ठेच खाल्ली आहे. पानावर पिवळसर तेलकट डाग आणि खालच्या बाजूला कापसासारखी पांढरी बुरशी, म्हणजे उघड उघड डाऊनी, द्राक्षावरचा बुरशीचा रोग. मी घाईत साधा फोटो पाठवला. तिकडे पोचेपर्यंत ती पांढरी लव पुसट होऊन गेली होती, नुसता पिवळा पट्टा उरला होता. अन्नद्रव्याची कमतरता वाटते, असं उत्तर आलं आणि मी त्यावर विसंबलो. तिसऱ्या दिवशी बुरशी घडावर दिसली.

चूक डॉक्टरांची नव्हती. तुम्ही गॅलरीतला मूळ फोटो बघता, ते आटवलेला बघतात. १२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४००० बाय ३००० ठिपक्यांचा असतो, म्हणजे एक कोटी वीस लाख ठिपके. व्हॉट्सॲपवर साधा फोटो गेला की लांब बाजू साधारण १६०० ठिपक्यांवर येते. उरतात जेमतेम एकोणीस लाख, म्हणजे सहातला एक हिस्सा. त्यावर पुन्हा फाइल दाबून लहान केली जाते आणि त्यात सगळ्यात आधी बारीक पोत जातो. डाऊनीची लव काय किंवा भुरी या दुसऱ्या बुरशीची पिठासारखी पावडर काय, दोन्ही म्हणजे बारीक पोतच. त्यामुळे साधा फोटो पाठवायचा तो कामापुरता: ब्लोअरचा तुटलेला नोझल, औषधाच्या डब्याचं लेबल, पाण्याचा पाइप. रोगासाठी नाही.

एचडीचा पर्याय व्हॉट्सॲपनं २०२३ मध्ये आणला. फोटो निवडल्यावर वर 'एचडी' दिसतं, त्यावर बोट ठेवायचं. यातही फोटो थोडा दाबला जातोच, पण बराच तपशील टिकतो. शिवाय फोटो चॅटमध्येच मोठा दिसतो, डॉक्टरांना वेगळं काही उघडावं लागत नाही. संपूर्ण वेलीचा, ओळीचा, घडांच्या आकाराचा फोटो असेल तर माझ्या मते एचडी पुरेसा आहे.

पान जवळून दाखवायचं असेल तर डॉक्युमेंट. पेपरक्लिपच्या खुणेवर जाऊन 'डॉक्युमेंट' निवडायचं आणि तिथून फोटोची फाइल द्यायची. मग व्हॉट्सॲप तिला हात लावत नाही, जशी आहे तशी पोचते. मर्यादा २ जीबीची आहे, आपला फोटो तीन-चार एमबीचा, त्यामुळे ती चिंता नाही. अडचण वेगळीच आहे. समोरच्याला फोटो दिसत नाही, फाइलचं नाव असलेली पट्टी दिसते. हंगामात डॉक्टरांकडे शेकडो शेतकऱ्यांचे फोटो येतात, त्यात ही पट्टी उघडायची राहून जाते. म्हणून मी दोन्ही पाठवतो: आधी एचडी, म्हणजे नजर पडते, आणि त्याखाली तेच पान डॉक्युमेंट म्हणून, "खालची फाइल उघडून मोठी करून बघा" असं लिहून.

डॉक्युमेंटबरोबर आणखी एक गोष्ट जाते. कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर जागेचा पत्ताही त्या फाइलमध्ये असतो. डॉक्टरांना प्लॉट कळला तर उत्तमच. पण गावच्या मोठ्या ग्रुपवर घराच्या अंगणातला फोटो असा टाकू नका.

आयफोनवाल्यांनी इथं थांबावं. २०१७ मध्ये आयओएस ११ आल्यापासून आयफोन आपले फोटो एचईआयसी या प्रकारात साठवतो. जागा कमी लागते, पण जुन्या विंडोज कॉम्प्युटरवर ही फाइल वेगळी जोडणी घेतल्याशिवाय उघडत नाही. साधा फोटो पाठवला तर व्हॉट्सॲप तो जेपीजी करून देतं. 'फाइल्स'मधून डॉक्युमेंट पाठवलं तर मात्र एचईआयसी तसाच जातो. माझ्या भाच्याचे सात फोटो असेच गेले आणि डॉक्टरांच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर एकही उघडला नाही. नाव बदलून शेवटी जेपीजी लिहिल्यानं काही होत नाही, पोत्यावरचं लेबल बदललं म्हणून आतला माल बदलत नाही. खरा उपाय सेटिंग्जमध्ये आहे: कॅमेरा, मग फॉरमॅट्स, तिथं 'मोस्ट कम्पॅटिबल'. त्यानंतर काढलेले फोटो जेपीजी होतात, जुने आहेत तसेच राहतात.

फोटो आडवा पडलेला दिसण्याची तक्रारही नेहमीची. मोबाइल आडवा-उभा धरला तरी कॅमेरा ठिपके फिरवत नाही, फाइलमध्ये फक्त "हा असा फिरवून दाखवा" अशी नोंद ठेवतो. समोरच्या प्रोग्रॅमनं ती नोंद वाचली नाही की वेल झोपलेली दिसते. गॅलरीत फोटो उघडून कडेनं किंचित क्रॉप करून सेव्ह केला की बहुतेक वेळा सरळ होतो. स्क्रीनशॉट काढून पाठवू नका, त्यात तपशील पुन्हा आटतो.

ड्राइव्हची लिंक तीस-चाळीस फोटो असतील तेव्हाच. नव्या फाइलला परवानगी फक्त तुमच्यापुरती असते. 'लिंक असलेल्या कुणालाही' हे निवडलं नाही, तर डॉक्टरांना परवानगी मागण्याचा पडदा दिसतो आणि तुम्ही बागेत असता. ई-मेल तब्येतीत पाठवायच्या गोष्टींना ठीक, माती-पाणी तपासणीच्या अहवालाबरोबर वगैरे. जीमेलला २५ एमबीची मर्यादा आहे, आणि जोडलेली फाइल वाटेत साधारण एक तृतीयांशानं फुगते, त्यामुळे पाच-सहा मूळ फोटो ओलांडले की पुन्हा लिंकवरच यावं लागतं.

नानांना मी एवढंच करायला सांगितलं: उद्या सकाळी एकच पान घ्या, वरून एक आणि खालून एक फोटो काढा, पानाशेजारी बोट ठेवा म्हणजे डागाचा आकार कळेल. दोन्ही फोटो एचडी आणि डॉक्युमेंट असे दोन्ही प्रकारे पाठवा. मग डॉक्टरांना फोन लावून विचारा, तुम्ही मोबाइलवर बघता की कॉम्प्युटरवर, आणि लव कशात दिसली?