बॅक्युला, नऊ महिन्यांनंतर

दीडशेच्या आसपास सर्व्हर, वेगवेगळ्या विभागांचे वेगवेगळे हट्ट, आणि बॅकअप सांभाळायला आम्ही दोघं. नऊ महिन्यांपूर्वी जुनी लायसन्सवाली प्रणाली सोडून बॅक्युला या बॅकअप सॉफ्टवेअरच्या कम्युनिटी (फुकट) आवृत्तीवर आलो. तेव्हा "फुकट आहे, बघू चालवून" असाच सूर होता. आता मत बनलंय.

एकदा नीट बसला की हा गडी हलत नाही. सगळ्यांना हुकूम सोडणारा डायरेक्टर एका मशीनवर, टेपशी बोलणारा स्टोरेज डेमन (डेमन म्हणजे मागे गुपचूप चालणारा प्रोग्राम) दुसऱ्यावर आणि फाइली उचलून देणारा छोटासा फाइल डेमन प्रत्येक सर्व्हरवर. सगळं कॉन्फिगरेशन साध्या टेक्स्ट फाइलींत असल्यामुळे आम्ही ते गिटमध्ये (प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत) ठेवतो, म्हणजे कोणतं फोल्डर कोणी आणि कधी वगळलं हे भांडण न होता कळतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी फुल (सगळ्याचा बॅकअप), उरलेल्या रविवारी डिफरन्शियल (शेवटच्या फुलनंतर बदललेलं), इतर रोज रात्री इन्क्रिमेंटल (आधीच्या बॅकअपनंतर बदललेलं तेवढंच). एवढं तर पहिल्याच आठवड्यात मार्गी लागलं.

टेप लायब्ररीशी (आपोआप टेप बदलणाऱ्या यंत्राशी) सूत जुळायला मात्र महिना गेला. त्यातला एलटीओ-८ जातीच्या टेपचा ड्राइव्ह सेकंदाला ३०० एमबीच्या पुढे गिळतो. बारीकसारीक लाखो फाइलींचा सर्व्हर त्याला तेवढं वाढूच शकत नाही. मग टेप थांबते, मागे जाते, पुन्हा निघते. रॅकजवळ उभं राहिलं की ती कुरकुर ऐकू येते. यात वेळ तर जातोच, टेपही झिजते. डेटा आधी एसएसडीवर (वेगवान डिस्कवर) साठवून, म्हणजे स्पूल करून, मग टेपवर एकसलग ओतायला लावला, तेव्हा कुरकुर थांबली.

तिसऱ्या महिन्यात हिशोब विभागातून एक साधी मागणी आली: अडीच महिन्यांपूर्वीची एक स्प्रेडशीट हवी. टेप लायब्ररीतच होती, जॉब (त्या वेळचा बॅकअप) यशस्वी दिसत होता. पण रिस्टोअरला, म्हणजे फाइल परत काढायला, बसलो तर फाइलींची यादी रिकामी! वर कन्सोल (हुकूम टाइप करायची खिडकी) विचारतो, नोंदी रिटेन्शनमध्ये (ठेवण्याची मुदत संपल्याने) साफ झालेल्या दिसतात, अख्खा जॉबच उतरवू का? झालं असं, की तीन मुदती असतात आणि आम्ही त्यांना हातच लावला नव्हता. मुळात व्हॉल्यूमची (म्हणजे टेपची) ३६५ दिवस, जॉबच्या नोंदीची १८० आणि फाइलींच्या नोंदींची अवघी ६०. म्हणजे डेटा टेपवर शाबूत, पण कोणती फाइल कुठे आहे हे कॅटलॉग, म्हणजे बॅक्युलाची नोंदवही, विसरलेला. मॅन्युअलमध्ये हे स्पष्ट लिहिलंय, आम्हीच वाचलं नव्हतं. एका स्प्रेडशीटसाठी ४ टीबी उतरवत रात्र काढली. आता फाइलींची मुदत टेपच्या मुदतीएवढी केलीय. कॅटलॉगचा डेटाबेस फुगला, फुगू दे.

त्या कॅटलॉगचाही बॅकअप रोज शेवटी घ्या आणि तो दुसऱ्या जागी ठेवा. तो गेला तर प्रत्येक टेप पहिल्यापासून वाचून नोंदी पुन्हा उभ्या कराव्या लागतात, आणि १२ टीबीची एक भरलेली टेप पूर्ण वेगातही ९ तासांहून जास्त खाते.

दुसरा धडा आमच्याच स्क्रिप्टचा. डेटाबेसच्या चालू फाइली तशाच उचलून चालत नाही, म्हणून जॉबच्या आधी डेटाबेसचा डंप (फाइलीत उतरवलेली प्रत) काढून तो पाइपने, म्हणजे थेट, जीझिप या फाइल लहान करणाऱ्या प्रोग्राममध्ये ढकलत होतो. पासवर्ड बदलला, डंप फसला, पण पाइपच्या टोकाला जीझिप खुशाल "सगळं ठीक" म्हणून मोकळा. बॅक्युलाने दिलेली फाइल इमानदारीत उचलली, मेल आला "बॅकअप ओके". अकरा दिवस! सापडलं ते केवळ आकारामुळे. फाइल २० बाइटची होती, रिकामा जीझिप तेवढाच असतो. स्क्रिप्टमध्ये पाइपफेल (साखळीतला कुठलाही प्रोग्राम फसला तर सगळंच फसलं असं धरणारी सेटिंग) घातलं आणि डंप कालच्यापेक्षा अर्ध्याहून लहान आला तर जॉबच पाडायचा असा नियम केला. २०१७ मध्ये गिटलॅब या कोड साठवणाऱ्या कंपनीची मोठी फजिती झाली होती, तिथेही डंप निमूट फसत होते आणि इशाऱ्याचे मेल पोहोचतच नव्हते. तेव्हा वाचून आम्ही हसलो होतो.

इंटरफेसबद्दल फार बोलण्यासारखं नाही. कन्सोल रुक्ष आहे, माउसवाल्यांनी वाटेला जाऊ नये. विभागप्रमुखांना रंगीत डॅशबोर्ड हवा असेल तर तो वेगळा उभारावा लागतो. रात्री नवीन टेप मागत जॉब अडकून राहतो, तेव्हा सकाळी शिव्या आपल्यालाच.

घ्यावा का? लिनक्स हाताळणारी दोन माणसं असतील तर बिनधास्त. नसतील तर पैसे देऊन सपोर्टवालं काहीतरी घ्या.

आता दर महिन्याला चिठ्ठी काढून एक सर्व्हर निवडतो आणि कोऱ्या मशीनवर पूर्ण रिस्टोअर करतो. गेल्या वेळी १० टीबीचा फाइल सर्व्हर निघाला. ते मशीन एक गिगाबिटच्या लाइनवर, त्यामुळे २५ तास लागले. आपत्ती योजनेत त्याच्यापुढे "४ तास" असं छापलेलं आहे. तो आकडा आम्ही पेन्सिलीने खोडून वर पाठवलाय. सही अजून आलेली नाही.