हंट्समन की वेव्ह प्लस?

व्हिक्टोरिनॉक्सचा हंट्समन हा घडीचा स्विस चाकू आणि लेदरमनचा वेव्ह प्लस हा अनेक अवजारं एकात असलेला मल्टिटूल, यांतला पहिला फरक खिशालाच कळतो. एक साधारण 97 ग्रॅमचा, दुसरा 241 ग्रॅमचा. पहिला पँटच्या खिशात आहे हे विसरायला होतं. दुसऱ्याला पट्ट्यावरचं पाउच हवंच.

पण वेव्हमध्ये पक्कड आहे, आणि खरा वाद तिथेच आहे. स्टोव्हवरचं गरम भांडं उचलणं, सायकलचा सैल नट आवळणं, सॅकची अडकलेली चेन ओढणं ही कामं हंट्समनला जमत नाहीत. वेव्हचं पातं एका हाताने उघडतं आणि लॉकही होतं. हंट्समनचं होत नाही, त्यामुळे टोक जोराने खुपसताना ते बोटांवर मिटू शकतं. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांना मात्र हेच सोयीचं: तिथे 3 इंचांपर्यंतचं, लॉक न होणारं घडीचं पातं कारण न देता जवळ बाळगता येतं, लॉकवालं नाही.

कात्री हंट्समनची सरस. करवत दोन्हींत. हंट्समनच्या कॉर्कस्क्रूने, म्हणजे बाटलीचं बूच काढायच्या स्क्रूने, दोरीची आवळलेली गाठ छान सुटते, बाटली नसली तरी!

सह्याद्रीतल्या पायवाटांसाठी आणि घरच्या पार्सलांसाठी मी हंट्समन घेईन. बाईकवरून लांब जाणाऱ्यांनी वेव्हच घ्यावा. विमानात दोन्ही चेक-इन सामानातच.