बेळगावातला सहा महिन्यांचा फार्मसी असिस्टंट कोर्स: फी भरण्याआधी हे वाचा

शहरातल्या एका खाजगी संस्थेच्या फार्मसी असिस्टंट कोर्सबद्दल लिहितोय. संस्थेचं नाव मुद्दाम देत नाही, कारण निपाणी, चिकोडी, खानापूरकडच्या अशाच कोर्सनाही यातलं बरंच लागू पडेल. मेडिकल चालवणाऱ्या आमच्यासारख्यांकडे या कोर्सची मुलं-मुली कामाला येतात. म्हणून प्रमाणपत्रापेक्षा ती काउंटरवर काय करू शकतात, यावरून हा अभिप्राय.

थोडक्यात मत असं: रॅक, बिल आणि एक्सपायरी हे भाग चांगले शिकवतात. सिरप आणि इन्सुलिन फार वरवर उरकतात. आणि जाहिरातीतलं ‘स्वतःचं मेडिकल सुरू करा’ हे वाक्य दिशाभूल करणारं आहे.

आधी त्या वाक्याचंच बोलू, कारण पालक त्याच्यावर विश्वास ठेवून पैसे भरतात. फार्मसी कायदा १९४८ च्या कलम ४२ नुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध देण्याचा अधिकार फक्त नोंदणीकृत फार्मासिस्टला आहे. असिस्टंट डबा काढेल, मोजेल, बिल करेल, पण फार्मासिस्टच्या देखरेखीखाली. किरकोळ विक्रीचं लायसन्स म्हणजे फॉर्म २० आणि २१, आणि त्यासाठीही नोंदणीकृत फार्मासिस्ट लागतोच. पाच-दहा वर्षं काउंटरवर काढली की आपोआप फार्मासिस्ट होता येतं, हा समज गावागावांत अजून आहे. तसं होत नाही. बारावी सायन्स (फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायॉलॉजी किंवा गणित), मग दोन वर्षांचा डी.फार्म. (फार्मसीचा डिप्लोमा), ५०० तासांचं प्रात्यक्षिक प्रशिक्षण, आणि मग राज्याच्या फार्मसी कौन्सिलकडे नोंदणी, असा तो रस्ता आहे. केएलई आणि मराठा मंडळ यांची फार्मसी कॉलेजं बेळगावातच आहेत. ज्याची बारावी सायन्स झालीय, त्याने असिस्टंट कोर्सआधी तिकडे चौकशी करावी.

दहावी किंवा आर्ट्स-कॉमर्स झालेल्यांसाठी मात्र एक खरी वाट आहे आणि ती संस्था सांगतच नाही. होलसेल लायसन्ससाठी (फॉर्म २०बी, २१बी) फार्मासिस्टच हवा असं नाही. दहावीनंतर औषधविक्रीचा चार वर्षांचा अनुभव, किंवा पदवीनंतर एक वर्षाचा अनुभव असलेली व्यक्तीही नियमात बसते. त्यामुळे ज्या मेडिकलमध्ये किंवा स्टॉकिस्टकडे (औषधांच्या घाऊक विक्रेत्याकडे) काम कराल, तिथलं अनुभवाचं पत्र तारखांसकट आणि लायसन्स नंबरसकट घेऊन ठेवा. पगार रोख, हजेरी कुठेच नाही, अशी चार वर्षं कागदावर शून्य ठरतात.

आता शिकवण्याकडे. रॅक लावणं उत्तम शिकवतात: कंपनीप्रमाणे, घटकाप्रमाणे आणि प्रकाराप्रमाणे. ज्याची एक्सपायरी आधी तो माल पुढे, मग तो कधीही आलेला असो. डब्यावर ‘एक्सपायरी ०३/२०२७’ असेल तर औषध मार्चच्या शेवटच्या दिवसापर्यंत चालतं, हे मुलांना पक्कं माहीत असतं. पट्टी कापताना बॅच नंबर आणि एक्सपायरी छापलेला भाग दुकानात राहील अशा बाजूने कापायची, हेही कळतं. हे दिसायला किरकोळ आहे. पण उरलेल्या चार गोळ्यांवर तारीखच नसली तर त्या ना विकता येतात, ना परत जातात.

बिलिंग संगणकावरच शिकवतात आणि सराव पुरेसा होतो. नेहमीची चूक पॅकिंगची: १५ गोळ्यांची पट्टी १० ची म्हणून चढवली की सुट्या गोळीचा दर दीडपट होतो आणि स्टॉकही जुळत नाही. खरेदीचं बिल चढवताना स्कीमचा (खरेदीवर फुकट आलेला) माल वेगळा टाकायचा, हेही करून घेतात. एक दुरुस्ती हवी. नोट्समध्ये जीएसटी अजून १२ टक्के लिहिलाय. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवर तो ५ टक्के झाला आहे.

चिठ्ठी वाचायला तीन आठवडे देतात. ओडी (दिवसातून एकदा), बीडी (दोनदा), टीडीएस (तीनदा), एचएस (झोपताना), एसओएस (गरज पडली तरच) पाठ होतात, १-०-१ (सकाळी एक, रात्री एक) पाच दिवस म्हणजे १० गोळ्या हा हिशेबही जमतो. कमी पडतं ते नावामागच्या शेपटाकडे लक्ष देणं. रक्तदाबाची टेल्मिसार्टन ४० वेगळी, ‘एच’ लावलेली वेगळी (त्यात हायड्रोक्लोरोथायझाइड असतं), ‘एएम’ लावलेली आणखी वेगळी (त्यात अ‍ॅम्लोडिपिन). तिन्हींचे डबे एका रंगाचे, एकाच फळीवर. मेटफॉर्मिन (मधुमेहाची) आणि मेट्रोनिडाझोल (जंतुसंसर्गाची) तर नुसत्या पहिल्या अक्षरांवर काढली जातात. आमची पद्धत अशी: नाव, ताकद, प्रकार या तिन्ही गोष्टी मोठ्याने वाचायच्या, मगच पट्टी काउंटरवर. एसआर किंवा एक्सआर लिहिलेली (औषध हळूहळू सोडणारी) गोळी फोडून किंवा कुटून घ्यायची नाही, हे रुग्णाला सांगायलाच हवं. कोर्समध्ये या विषयावर जेमतेम एक तास जातो.

सिरपचा भाग सगळ्यात कच्चा. पॅरासिटामॉलचे ड्रॉप्स साधारण १ मिलीत १०० मिग्रॅचे असतात. सिरप ५ मिलीत १२० किंवा २५० मिग्रॅचं. आठ किलोच्या बाळाला १२० मिग्रॅ द्यायचं तर ड्रॉप्स १.२ मिली आणि १२० चं सिरप ५ मिली. सिरपऐवजी ड्रॉप्सची बाटली हातात गेली आणि आईने ५ मिली पाजलं, तर बाळाच्या पोटात ५०० मिग्रॅ जातं, म्हणजे चौपटीहून जास्त. यकृताला इजा करणारी ही चूक आहे आणि ती काउंटरवर, दोन सारख्या खोक्यांमुळे होते. कोर्सच्या नोट्समध्ये हे उदाहरणच नाही. ड्राय सिरप (पाणी घालून तयार करायचं पावडरचं औषध) तयार करणंही फळ्यावर शिकवतात. खरं तर बाटली हातात देऊनच शिकवावं: आधी हलवून पावडर मोकळी करायची, उकळून गार केलेलं पाणी खुणेच्या खालपर्यंत घालायचं, जोरात हलवायचं, फेस बसू द्यायचा, मग खुणेपर्यंत भरायचं. एकदम खुणेपर्यंत ओतलं तर फेसामुळे पाणी कमी पडतं आणि औषध दाट होतं. अ‍ॅमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलॅनेट तयार केल्यावर फ्रिजमध्ये ठेवून सात दिवसांत संपवायचं असतं. हे सांगितलं नाही तर उरलेली बाटली पुढच्या तापाला बाहेर निघते.

इन्सुलिनमध्ये फ्रिजचं तापमान २ ते ८ अंश, एवढंच सांगतात. थर्मामीटर मधल्या कप्प्यात ठेवायचा, दारात इन्सुलिन ठेवायचं नाही, फ्रीझरच्या भिंतीला टेकवायचं नाही, गोठलेलं इन्सुलिन विकायचं नाही, सकाळ-संध्याकाळ वहीत नोंद करायची, हेही शिकवायला हवं. खानापूरकडे पावसाळ्यात वीज तासन् तास जाते, तेव्हा फ्रिज उघडायचा नाही हा पहिला नियम. सिरिंजचा घोळ याहून गंभीर. ४० आययूच्या (एका मिलीत ४० युनिट) बाटलीला लाल टोपणाची सिरिंज, १०० आययूला नारिंगी. १०० चं इन्सुलिन लाल सिरिंजमध्ये १० च्या रेषेपर्यंत भरलं तर २५ युनिट जातात आणि रुग्णाची साखर धोकादायक खाली येते. उलट झालं तर १० ऐवजी ४ च जातात. हा धडा नसेल तर मुलाला इन्सुलिनच्या फ्रिजजवळ एकटं सोडू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

कायद्याच्या नोंदींमध्ये शेड्यूल एच१ चं (चिठ्ठीशिवाय न देता येणाऱ्या आणि नोंद ठेवाव्या लागणाऱ्या औषधांच्या यादीचं) रजिस्टर बरं शिकवतात: डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि किती दिलं. ते तीन वर्षं जपायचं. सेफिक्सिम, ट्रामाडॉल, अल्प्राझोलाम यात येतात. शेड्यूल एच किंवा एक्स या चिठ्ठीवरच्या औषधांच्या याद्यांमधलं औषध संपलं असेल तर ‘तेच आहे, दुसऱ्या कंपनीचं’ म्हणून स्वतःच्या मनाने बदलून देता येत नाही, यावर मात्र भर कमी आहे. दुकानात गर्दी असली की मुलं हीच चूक करतात.

भाषेचा प्रश्न आपल्या भागाचा खास. नोट्स इंग्रजी, शिकवणं कन्नड-इंग्रजी. येळ्ळूर, उचगावकडच्या मराठी माध्यमाच्या मुलांना पहिला महिना जड जातो. शिक्षकांना विचारलं तर ते मराठीत समजावतात, याचं श्रेय द्यायलाच हवं. काउंटरवर दोन्ही भाषा लागतातच, म्हणून जेवणाआधी, जेवणानंतर, सकाळी, रात्री, उपाशीपोटी एवढं तरी कन्नडमध्ये न अडखळता सांगता आलं पाहिजे. पाकिटावर सूर्य-चंद्राची चित्रं काढून देण्याची सवय यापेक्षाही उपयोगी.

फी भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. प्रत्यक्ष मेडिकलमध्ये किती तास उभं करणार, आणि तिथे फार्मासिस्ट हजर असतो का? प्रमाणपत्र कोणाचं: संस्थेचं स्वतःचं, की हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिल या आरोग्य क्षेत्रातल्या कौशल्यांच्या संस्थेच्या परीक्षेचं? फी हप्त्यांत चालेल का? इथे शेवटचे सहा आठवडे दुकानात पाठवतात, पण दुकान मुलांनीच शोधायचं. शोधताना हॉस्पिटलजवळचं निवडा. तिथे दिवसाला जितक्या प्रकारच्या चिठ्ठ्या हाताखालून जातात, तितक्या गल्लीतल्या दुकानात महिन्यातही जात नाहीत. संध्याकाळची बॅच मिळाली तर तीच घ्या, म्हणजे दिवसा काम करून अनुभवाचं पत्र पहिल्या महिन्यापासून सुरू होतं.