पोस्टमनने कोणत्या संघटनेचा फॉर्म भरावा? तीन महासंघांचा इतिहास आणि आजची निवड

पोस्टमन म्हणून रुजू झालं की काही दिवसांतच वर्गणीकपातीचा फॉर्म समोर येतो. कधी एकाच संघटनेचा, कधी दोन-तीन संघटनांचे कार्यकर्ते आपापला फॉर्म घेऊन येतात. सही केली की दरमहा पगारातून वर्गणी कापली जाते. केंद्रीय कर्मचारी संघटनांच्या १९९३ च्या मान्यता नियमांप्रमाणे एका कर्मचाऱ्याला एकाच संघटनेचं सभासद राहता येतं, आणि मत बदललं तर पर्याय बदलण्यासाठी एप्रिल महिन्याची वाट पाहावी लागते. त्यामुळे शेजारच्या बीटवाल्याने (बीट म्हणजे पोस्टमनला टपाल वाटायला दिलेला भाग) सांगितलं म्हणून सही करण्याआधी एनएफपीई, एफएनपीओ आणि बीपीईएफ या तीन महासंघांच्या या संघटना कुठून आल्या, हे माहीत असायला हवं.

सुरुवात १९४६ पासून करू, कारण पोस्टमनच्या संघटनेची खरी ताकद तेव्हा दिसली. महायुद्धाने महागाई आकाशाला भिडवली होती, पगार होता तिथेच होता. ११ जुलै १९४६ रोजी पोस्टमन आणि खालच्या श्रेणीतले कर्मचारी देशभर संपावर गेले. त्यांचे पुढारी होते मुंबईचे व्ही. जी. दळवी. आधी पोस्टमन उतरले, मग टपाल-तार खात्यातले इतर कर्मचारी आले. २२ जुलैला त्यांच्या पाठिंब्यासाठी मुंबईत आणि २९ जुलैला कलकत्त्यात सार्वत्रिक संप झाला. ज्यांचा पगार खात्यात सगळ्यात कमी, त्यांनी पहिलं पाऊल टाकलं. मला हा पोस्टमनच्या इतिहासातला सगळ्यात अभिमानाचा महिना वाटतो.

पुढे टपाल आणि तार खात्यातल्या विखुरलेल्या संघटना एका छत्राखाली आल्या आणि २४ नोव्हेंबर १९५४ रोजी एनएफपीटीई (नॅशनल फेडरेशन ऑफ पोस्ट अँड टेलिग्राफ एम्प्लॉईज) हा महासंघ उभा राहिला. दळवी त्याचे पहिले अध्यक्ष. या महासंघात पोस्टमन आणि चतुर्थ श्रेणीची संघटना वेगळी ठेवली होती, कारकुनांच्या संघटनेत विरघळवली नव्हती. पोस्टमनच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट आहे. बीटची लांबी, पिशवीचं वजन, डिलिव्हरीची वेळ हे प्रश्न काउंटरच्या आत बसणाऱ्याचे नसतात. ते मांडायला स्वतःची कार्यकारिणी लागते, आणि ही रचना आजही टिकून आहे.

फूट कशी पडली

जुलै १९६० मध्ये दुसऱ्या वेतन आयोगाच्या शिफारशींवरून केंद्रीय कर्मचाऱ्यांचा संप झाला. एस. एम. जोशी आणि पीटर अल्वारिस हे त्यातले आघाडीचे पुढारी. सरकारने वटहुकूम काढला आणि पाच दिवसांत संप मागे घ्यावा लागला. १९६६ मध्ये सरकार आणि कर्मचारी संघटना यांच्यातल्या बोलण्यांसाठी संयुक्त सल्लागार यंत्रणा सुरू झाली. पगार, कामाचे तास, रजा यांवर मतभेद झाले तर लवाद (तटस्थ मंडळाचा निवाडा), असं तिचं आश्वासन होतं. पण गरजेवर आधारित किमान वेतनाची मागणी लवादाकडे द्यायला सरकार तयार झालं नाही, तेव्हा १९ सप्टेंबर १९६८ रोजी एक दिवसाचा संप झाला. अटका, निलंबनं झाली, कर्मचाऱ्यांचे जीवही गेले, आणि संपात उतरलेल्या संघटनांची मान्यता काढली गेली.

याच वातावरणात, १९६८ मध्येच, एफएनपीटीओ (फेडरेशन ऑफ नॅशनल पी अँड टी ऑर्गनायझेशन्स) हा दुसरा महासंघ निघाला. त्याचं नातं काँग्रेसच्या जवळच्या इंटक या कामगार संघटनेशी. संघर्षाआधी वाटाघाटी, ही त्याची भूमिका. जुने एनएफपीटीईवाले अजूनही या जन्मवेळेवर बोट ठेवतात आणि त्यांचा राग मला समजतो. तरी पन्नास वर्षांपूर्वीच्या रागावर आजचा फॉर्म भरू नये. १९८५ मध्ये टपाल आणि दूरसंचार वेगळे झाले, त्यानंतर टपालाच्या बाजूला एनएफपीटीईचा एनएफपीई झाला आणि एफएनपीटीओचा एफएनपीओ. तिसरा महासंघ बीपीईएफ (भारतीय पोस्टल एम्प्लॉईज फेडरेशन), भारतीय मजदूर संघाच्या परिवारातला. मूळ वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीचे दत्तोपंत ठेंगडी यांनी १९५५ मध्ये हा मजदूर संघ स्थापन केला.

आज समोरासमोर ठेवल्यावर

संपाच्या बाबतीत एनएफपीई सगळ्यात पुढे. नेतृत्वावर डाव्या विचारांची छाप आहे, आणि इतर कामगार संघटनांच्या देशव्यापी संपाची हाक आली की हा महासंघ बहुधा त्यात असतो. एफएनपीओ खात्याच्या प्रश्नांवर उतरतो, पण बाहेरच्या हाकेला सावधपणे प्रतिसाद देतो. बीपीईएफ डाव्या संघटनांच्या संपांपासून सहसा दूर राहतो आणि स्वतःची निदर्शनं स्वतंत्रपणे करतो. नवीन माणसाने एक हिशेब आधी करावा: संपाच्या दिवसाचा पगार मिळत नाही, तो दिवस डायस नॉन (सेवेत न मोजला जाणारा दिवस) धरला जातो, आणि प्रोबेशनवर असताना वरिष्ठांचा दबाव जास्त जाणवतो. म्हणून एनएफपीईत जाऊच नये, असं माझं म्हणणं नाही. सही करताना याची तयारी असावी, एवढंच.

आणि तिघांमधली दरी पोस्टरवर दिसते तितकी रुंद नसते. डिसेंबर २००० मध्ये तिन्ही महासंघ एकत्र संपात उतरले होते. एनएफपीई आणि एफएनपीओ यांनी संयुक्त कृती समितीतूनही कामं केली आहेत. नव्या पेन्शन योजनेला या सगळ्यांचाच विरोध राहिला आहे. २००४ नंतर लागलेल्या पोस्टमनला हा प्रश्न सर्वांत जिव्हाळ्याचा, पण त्यावरून निवड करायला गेलात तर फार फरक सापडणार नाही.

फरक पडतो तो मान्यतेत. नियमांप्रमाणे त्या संवर्गातले किमान ३५ टक्के सभासद असलेल्या संघटनेला मान्यता मिळते, आणि पहिलीने तो आकडा गाठला असेल तर दुसरीला १५ टक्क्यांवरही मिळू शकते. मान्यता असली की अधिकाऱ्यांसोबत ठरलेल्या बैठका होतात, विषयपत्रिकेवर तुमचा प्रश्न जातो, वर्गणी पगारातून कापली जाते. ती गेली तर संघटना राहते, पण दार ठोठावत राहावं लागतं. एप्रिल २०२३ मध्ये खात्याने एनएफपीई आणि तिच्यातल्या ग्रुप सी (कारकुनांच्या) संघटनेची मान्यता काढली. शेतकरी आंदोलन आणि राजकीय कारणांसाठी संघटनेचा पैसा दिला, असा ठपका होता. माझ्या मते ही कारवाई अपराधाच्या मानाने फार कठोर होती, कारण त्याची किंमत साध्या सभासदांनी मोजली. पण सही करणाऱ्याने भावनेपेक्षा कागद पाहावा. तुमच्या संवर्गाच्या संघटनेला आज मान्यता आहे का, हे खात्याच्या ताज्या आदेशात बघा.

यापलीकडे माझा स्पष्ट कौल असा. पगार, पेन्शन, रिक्त जागा यांसाठी लढणारी आणि सभासदसंख्येने मोठी संघटना हवी असेल तर एनएफपीईच्या वारशाला तोड नाही. १९४६ ची परंपरा तिच्याकडेच आहे. पण तुमच्या डिव्हिजनमध्ये एफएनपीओ किंवा बीपीईएफचा सचिव रोज ऑफिसात भेटणारा असेल, रिकाम्या बीटचं टपाल तुमच्या पिशवीत कोंबलं जात असताना अधीक्षकांना लेखी पत्र देणारा असेल, आणि एनएफपीईचा सचिव फक्त वर्गणीच्या वेळी दिसत असेल, तर मी बिनदिक्कत त्या दुसऱ्या संघटनेचा फॉर्म भरेन. बदलीचा अर्ज, सायकलभत्ता, जास्त कामाचा मोबदला ही कामं डिव्हिजनच्या पातळीवर होतात. दिल्लीतला महासचिव तिथे येत नाही.

सही करण्याआधी डिव्हिजनच्या सचिवाला विचारा, गेल्या वर्षी कोणते प्रश्न लेखी दिले आणि त्यांचं काय झालं. कागद दाखवता आले, तर अर्धा निर्णय तिथेच होतो.

गावोगावच्या शाखा टपाल कार्यालयांत दिवसाचे काही तास काम करणाऱ्या ग्रामीण डाक सेवकांचं गणित वेगळं आहे. त्यांच्यासाठी महासंघांशी जोडलेल्या संघटना आहेत आणि एआयजीडीएसयू (ऑल इंडिया ग्रामीण डाक सेवक युनियन) ही स्वतंत्र संघटनाही आहे. २२ मे २०१८ पासून या संघटनांनी मिळून संप केला, आणि ६ जूनला केंद्रीय मंत्रिमंडळाने सेवकांच्या मोबदल्याचा अभ्यास करणाऱ्या कमलेश चंद्र समितीच्या शिफारशींवर आधारित वाढ मंजूर केली. चार तास काम करणाऱ्या ब्रँच पोस्टमास्तरचा किमान भत्ता १२,००० रुपये झाला, पाच तासवाल्याचा १४,५००. पूर्णवेळ सरकारी कर्मचाऱ्याचा दर्जा मात्र मिळाला नाही. त्या एकाच मागणीवर भर हवा असेल तर स्वतंत्र संघटना योग्य. पण पोस्टमनची परीक्षा देऊन पुढे जायचा विचार असेल, तर महासंघाशी जोडलेल्या संघटनेत आधीपासून ओळखी होतात. संवर्ग बदलला की फॉर्म मात्र नव्याने भरावा लागतो, जुन्या सहीवर पोस्टमन संघटनेचं सभासदत्व मिळत नाही.