सेक्युकिनुमॅब: काही महिन्यांच्या वापरानंतर, खेड्यातल्या फ्रिजसकट

प्लाक सोरायसिसवर (कातडीवर जाड, पापुद्र्यांचे चट्टे उठतात तो आजार) सेक्युकिनुमॅब हे इंजेक्शन चालतं का? चालतं, आणि चांगलं चालतं. पण खेड्यात डोस वाया जातो तो बहुतेक वेळा सुईच्या बाहेरच्या कारणांनी, म्हणून या अनुभवात औषधाइतकंच त्याभोवतीच्या गोष्टींबद्दल लिहिलं आहे.

आधी औषध. सोरायसिसमध्ये इंटरल्युकिन-१७ए नावाचं प्रथिन कातडीत सूज आणि पेशींची घाईघाईची वाढ पेटवत ठेवतं. सेक्युकिनुमॅब नेमकं तेच अडवतं. भारतात ते स्कॅफो नावाने मिळतं. मोठ्या माणसाचा नेहमीचा डोस ३०० मिलिग्रॅम, म्हणजे १५० ची दोन पेन (औषध आधीच भरलेली, दाबून टोचायची इंजेक्शनं). पहिल्या दिवशी, मग पुढचे चार आठवडे दर आठवड्याला, आणि त्यानंतर दर चार आठवड्यांनी. २०१४ मध्ये छापून आलेल्या फिक्स्चर नावाच्या औषध-चाचणीत बाराव्या आठवड्यापर्यंत ३०० च्या गटातल्या सुमारे ७७ टक्के लोकांचा आजार किमान तीन चतुर्थांशाने उतरला. एटानरसेप्ट या जुन्या इंजेक्शनवर हाच आकडा ४४ होता.

प्रत्यक्षात आधी खाज कमी होते, मग पापुद्रे गळायचे थांबतात. चट्ट्याचा जाडपणा जायला अडीच-तीन महिने धरा. नखं सगळ्यात मागे राहतात, कारण नवं नखच वाढून यावं लागतं. चट्टा सपाट झाल्यावर तिथे काळपट किंवा फिकट डाग उरतो. तो आजार नव्हे, पण गावात त्याला लगेच पांढरे डाग, नाहीतर कुष्ठरोग म्हणून मोकळे होतात. तो हळूहळू निवळतो, त्यावर मलम चोळू नये. वजन जास्त असेल तर गुण थोडा कमी येतो. कापूस वेचताना बोंडाच्या टोकदार नखांनी हात ओरबाडले की आजार जागा असलेल्यांना त्याच रेघेवर नवे चट्टे उठतात, म्हणून वेचणीत पूर्ण बाह्यांचा सदरा घालायचाच.

सुरू करण्याआधीची टीबीची तपासणी कुणी टाळत असेल तर डॉक्टर बदला. छातीचा एक्स-रे, मॅन्टू (टीबीची कातडीवरची चाचणी) किंवा आयग्रा (टीबीची रक्तचाचणी), शिवाय कावीळ बी-सी, एचआयव्ही, रक्त आणि लिव्हरच्या तपासण्या. बीसीजी या टीबीच्या लसीमुळे मॅन्टू उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि स्टेरॉइड चालू असेल तर टीबी असूनही निगेटिव्ह. लपलेला टीबी निघाला तर आधी प्रतिबंधक गोळ्या, आणि बायोलॉजिक (सेक्युकिनुमॅबसारखं प्रथिनाचं इंजेक्शन) सहसा त्या सुरू केल्यावर महिनाभराने. लपलेला टीबी जागा होण्याचा धोका अडालिमुमॅबसारख्या टीएनएफ-विरोधी औषधांवर (टीएनएफ हे सूज वाढवणारं दुसरं प्रथिन अडवणारी) जास्त असतो. सेक्युकिनुमॅबवर कमी दिसतो, पण आपल्याकडे टीबी इतका आहे की सूट कुणालाच नाही. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन उतरणं यातलं काही दिसलं तर पुढचा डोस थांबवून डॉक्टरांकडे जायचं.

याचे स्वतःचे त्रासही आहेत. सर्दी-पडसं वाढतं. तोंडात, जांघेत किंवा स्तनांखाली पांढरट बुरशी येऊ शकते, ती साध्या औषधाने जाते. आतड्याचा जुना आजार (क्रोन्स, अल्सरेटिव्ह कोलायटिस) असेल तर तो उसळू शकतो. तेव्हा रक्ताची शी किंवा न थांबणारे जुलाब लपवू नका. जिवंत (कमजोर केलेल्या जंतूंची) लस या काळात घ्यायची नाही.

आता फ्रिज. औषधाला २ ते ८ अंश लागतात. पेन उन्हाळ्यात चार दिवसांपर्यंत बाहेर चालतं, पण तेही ३० अंशांच्या आत, आणि मे महिन्यात चंद्रपूर-वर्ध्याकडे सावलीतही ४५ जातं. एका दाराच्या फ्रिजमध्ये वरच्या बर्फाच्या डब्याजवळ ते गोठतं, दारात गरम होतं, म्हणून मधला कप्पा. गोठलेलं पेन वितळल्यावर अगदी नवं दिसतं, तरी टाकूनच द्यायचं. कमाल-किमान तापमान नोंदवणारं छोटं थर्मामीटर आत ठेवा. लाइन गेली की दार उघडायचं नाही. जिल्ह्याहून आणताना थर्मास डब्यात जेल पॅक टॉवेलात गुंडाळून ठेवा, पेन बर्फाला टेकता कामा नये. मेडिकलवाल्याने ते कुठल्या फ्रिजमधून काढलं हे तिथेच उभं राहून पाहावं. राग आला त्याला तर येऊ द्या.

टोचायच्या वेळी पेन १५ ते ३० मिनिटं बाहेर ठेवा. गरम पाण्यात बुडवू नका. औषध गढूळ असेल किंवा कण दिसले तर परत करा. मांडीवर किंवा बेंबीपासून ५ सेंटिमीटर सोडून पोटावर, दर वेळी जागा बदलून, चट्ट्यावर कधीच नाही. पेन सरळ दाबून धरायचं. पहिली टिक म्हणजे सुरुवात, दुसरी म्हणजे संपत आलं, आणि हिरवी खूण खिडकीभर येऊन थांबेपर्यंत उचलायचं नाही. दुसऱ्या टिकेलाच उचललं की औषध कातडीवर ओघळतं, आणि किती गेलं ते कळत नाही. अशा वेळी अंदाजाने आणखी टोचू नका, डॉक्टरांना फोन करा.

माझ्या मते औषधाला पाचपैकी साडेचार, किमतीला एक. म्हणून कंपनीची रुग्ण-साहाय्य योजना लागू होते का ते पहिल्याच भेटीत विचारा, कारण अर्ध्यावर सोडल्यावर आजार सहसा काही महिन्यांत परततो. हे इंजेक्शन घेण्याआधी मेथोट्रेक्सेट हे सोरायसिसचं जुनं औषध नीट वापरून पाहिलं आहे का, हेही तपासावं: ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं, रोज घेतलं तर जीव जाऊ शकतो, आणि मोहाच्या दारूबरोबर लिव्हर पोखरतं. ‘दोन दिवसांत साफ’ म्हणणाऱ्याची स्टेरॉइडची सुई तर नकोच. ती उतरली की पुवाचे फोड घेऊन सोरायसिस दुपटीने उसळू शकतो.

वापरलेली पेन जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या कॅनमध्ये जमवा आणि कॅन भरला की दवाखान्यात द्या, उकिरड्यावर नाही. बिल आणि खोक्यावरचा बॅच नंबर जपून ठेवा. त्रास झाल्यास डॉक्टर पहिल्यांदा तोच विचारतील.